सरांचे २१७ रुपये

शाखेत मुदत ठेवींच्या टेबलावर मी बसतो. दोन वर्षांपूर्वी शाळेतले गणिताचे सर समोर येऊन बसले आणि मला आठवीतल्यासारखा घाम फुटला. त्यांनी चौकटीची वही उघडली. दहा लाख, साडेसात टक्के, एक वर्ष. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं, म्हणून १.०१८७५ चा चौथा घात. उत्तराखाली दोन रेघा : १०,७७,१३६.

“आणि तुम्ही दिलेत १०,६९,२२६. माझं कुठं चुकलं, सांग.”

चुकलं काहीच नव्हतं. टीडीएस, म्हणजे व्याजातून बँकेने आधीच कापायचा कर, कापला होता, दहा टक्के. ज्येष्ठांना तेव्हा वर्षाच्या पन्नास हजार व्याजापर्यंत तो लागत नसे. पण सरांच्या या ठेवीचं वर्षाचं व्याजच त्याहून जास्त होतं, शिवाय आणखी दोन ठेवी होत्या, आणि मर्यादा बघताना बँक सगळ्यांचं व्याज एकत्र धरते. ती ओलांडली की वरच्या रकमेवर नाही, सगळ्याच व्याजावर कापते.

“पैसे हातात आले नाहीत, मग कर कसला?”

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. व्याज ठेवीतच राहिलं तरी हिशेबात जमा धरलं जातं, आणि तेव्हाच टीडीएस जातो. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पहिल्या तिमाहीचं व्याज १८,७५०, कपात १,८७५. चारही मिळून कपात ७,६९३. पेन्शन आणि व्याज धरूनही सरांना कर बसत नव्हता. “रिटर्न भरा सर, सगळे परत येतील,” मी सुटल्यासारखा म्हणालो.

सरांनी तिथंच बेरीज केली. १०,७६,९१९.

“मग हे २१७ कुठं गेले?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. पहिल्या तिमाहीला कापलेल्या १,८७५ वर पुढच्या तीन तिमाही व्याज सुटलं नाही. दुसऱ्या कपातीचं दोन तिमाही, तिसऱ्याचं एक. कापलेली रक्कम रिफंडात येते. तिच्यावर ठेवीत मिळालं असतं ते व्याज बुडालं ते बुडालंच.

आपल्याला कर बसत नाही असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून देण्याचा फॉर्म १५एच वेळेवर दिला असता तर एक रुपया कापला नसता. तो तेव्हा दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावा लागे. ठेव उघडताना समोर मीच होतो, आणि मी विचारलं नव्हतं. तेही सांगून टाकलं.

सर काही बोलले नाहीत. फॉर्म भरून, पोच घेऊन गेले.

दिवाळीच्या आधी रिफंड आला म्हणून वही दाखवायला आले. ७,६९३ पुढे बरोबरची खूण होती. खाली २१७, आणि त्यापुढे लाल शाईत माझं नाव.