तुम्ही विचारलंत म्हणून: नेमकं कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

मी कंपनीत रिपोर्ट बनवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एक्सेल येतं थोडंफार. आता पॉवर बीआय शिकू, टॅब्लो शिकू, की थेट पायथनच?" (पहिली दोन चार्ट आणि रिपोर्ट बनवून सगळ्यांना दाखवायची सॉफ्टवेअर, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा.) विचारणारा कधी अकाउंट्समधला असतो, कधी स्टोअरमधला, कधी नुकता कामाला लागलेला मुलगा. सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं आणि मी उलट विचारते, "तुमच्या शीटमधली एक ओळ म्हणजे काय?" पुष्कळांना वाटतं मी टाळतेय. तसं नाही. हा प्रश्न मला फार उशिरा सुचला, आणि सुचायच्या आधी एकदा चारचौघांत चांगलीच फजिती झाली होती.

तेव्हा माझ्याकडे दोन शीट असायच्या. एक ऑर्डरची: ऑर्डर नंबर, गिऱ्हाईक, किती नग. दुसरी चलनांची: कुठल्या ऑर्डरचा किती माल कुठल्या तारखेला बाहेर पडला. पॉवर क्वेरी, म्हणजे फाइली आपोआप जोडून-आवरून देणारं एक्सेलमधलं साधन, नुकतीच शिकले होते, कुठे वापरू आणि कुठे नको असं झालं होतं. ऑर्डर नंबर जुळवून दोन्ही शीट मर्ज केल्या, म्हणजे एकत्र जोडल्या, पिव्होट (गटवार बेरजेचा तक्ता) टाकला, रंगीत चार्ट काढला. दहा मिनिटांत काम फत्ते. महिन्यात पाठवलेला माल: १४,२०० नग.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. गोडाऊन सांभाळणारे काका तेवढे चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, रात्रपाळी कधीपासून सुरू झाली आपली? मला कुणी बोललं नाही."

मशीन महिन्याला दहा हजारांच्या वर जातच नव्हतं. हे त्यांना पाठ होतं, मला नव्हतं.

जागेवर येऊन एकच ऑर्डर धरली. साठ नगांची, माल गेला तीन खेपांत, वीस-वीस करून. ऑर्डरच्या शीटमध्ये तिची ओळ एक, चलनांच्या शीटमध्ये तीन. मर्ज केल्यावर तीन ओळी झाल्या; तशाच व्हायला हव्या होत्या. पण ऑर्डरमधला ६० हा आकडा तिन्ही ओळींवर जसाच्या तसा उतरला होता आणि मी बेरीज घेतली ती नेमकी त्याच कॉलमची. ६० चे १८० झाले. एका खेपेत गेलेल्या ऑर्डरी बरोबर, दोन खेपांच्या दुप्पट, तीन खेपांच्या तिप्पट. सगळं मिसळून आलेला आकडा फार वेडावाकडाही दिसत नव्हता. सरसकट तिप्पट झाला असता तर मलाही खटकला असता. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढंच केलं, ना लाल खूण, ना एरर. मर्जच्या आधी ओळ म्हणजे एक ऑर्डर होती, नंतर ती एक खेप झाली. हा बदल स्क्रीनवर कुठेही लिहून येत नाही.

व्हीलुकअप, म्हणजे दुसऱ्या शीटमधून जुळणारी माहिती आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला, लावला असता तर वेगळीच गंमत. तो पहिलं जुळणारं चलन उचलतो आणि थांबतो, म्हणजे उरलेल्या दोन खेपा गायब. एकाने आकडा फुगवला असता, दुसऱ्याने आटवला असता, आणि चार्ट दोन्हीकडे सारखाच देखणा आला असता.

माझी चूक मीटिंगरूमपुरती राहिली. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनाच्या रोजच्या आकडेवारीतून १५,८४१ रुग्ण निसटले होते, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर एवढ्या दिवसांतले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही तेवढाच लांबला. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. सगळे बोलत होते ते या मर्यादेबद्दल, आणि बरोबरच होतं. २००७ च्या एक्सेलपासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. माझ्या डोक्यात मात्र दुसराच तपशील राहिला. एका रुग्णामागे अनेक ओळी तयार होत होत्या, त्यामुळे एका साच्यात साधारण १,४०० च रुग्ण बसत होते. ओळ म्हणजे माणूस असं धरून चाललं, तर पासष्ट हजार ओळींची जागा कुणालाही ऐसपैस वाटणार.

आता तुमचा मूळ प्रश्न. दर सोमवारी त्याच चार फाइली उघडून तेच कॉपी-पेस्ट करत असाल तर पॉवर क्वेरी शिका. २०१६ पासून ती एक्सेलमध्येच आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको. एकच आकडा दहा जणांना बघायचा असेल आणि दहा जणांकडे दहा फाइली फिरत असतील, तर पॉवर बीआय किंवा टॅब्लो. दोघांपैकी कुठलं? ऑफिसात जे आधीच आहे ते. यावर वाद घालणारे भेटतात, त्यांना मी चहा पाजते आणि विषय बदलते. पायथन चांगलंच आहे, पण महिन्यातून एकदा लागणाऱ्या दोन तक्त्यांसाठी त्याच्या मागे लागू नका.

मला विचाराल तर शिकायचं ते एसक्यूएल, डेटाबेसमधल्या तक्त्यांकडून हवी ती माहिती मागवायची भाषा. आयबीएममधला संशोधक एडगर कॉड याचा तक्त्यांच्या मांडणीवरचा निबंध १९७० चा, त्यावरून आयबीएममध्ये ही भाषा घडली १९७४ च्या सुमारास, आणि आजही बहुतेक डेटाबेसशी तीच बोलावी लागते. माझ्या पक्षपाताचं कारण मात्र तिचं वय नाही. एसक्यूएलमध्ये 'ग्रुप बाय' (कशानुसार गट करायचे) लिहिताना उत्तरातली एक ओळ म्हणजे काय, हे आपल्याच हाताने लिहावं लागतं. गिऱ्हाईकामागे एक? महिन्यामागे एक? गिऱ्हाईक आणि महिना मिळून एक? पिव्होटमध्येही तेच ठरत असतं, पण माउसने इकडून तिकडे ओढताना आपण काही ठरवतोय हे जाणवत नाही.

हल्ली "एआयच करून देईल की" हेही ऐकते. फॉर्म्युला देतो, झकास देतो, मीही घेते. पण माल खेपांनी जातो हे त्याला आपण सांगितलं तर कळणार. मलाही ते गोडाऊनच्या काकांनी टोकलं तेव्हाच कळलं.

परवा एचआरमधल्या एका मैत्रिणीने हाच प्रश्न विचारला. हजेरीचा डॅशबोर्ड करायचा होता, पॉवर बीआयच्या कोर्सचा फॉर्म भरून तयार होता. मी माझं नेहमीचं विचारलं. "एक ओळ म्हणजे एका माणसाचा एक दिवस," ती ठामपणे म्हणाली. फाइल उघडली, खाली सरकत गेलो. तीसेक ओळींनंतर तारखेच्या जागी 'एकूण' लिहिलेली एक ओळ. मग पुढचा माणूस, त्याचे दिवस, पुन्हा 'एकूण'. मशीनमधून फाइल तशीच उतरत होती.

"मग तुझ्या पिव्होटमध्ये हजेरी दुप्पट येत असेल," मी म्हटलं.

"येते ना. मी दर महिन्याला दोनने भागते," ती म्हणाली. "मला वाटलं, पिव्होटमध्ये तसंच येतं."