मालदीवचा हिशेब

आज दुपारी कॉलेज रोडवरील एका प्रवासी कंपनीच्या कार्यालयात आम्ही नवरा-बायको मालदीवच्या सहलीचे दरपत्रक घेऊन बसलो होतो. माणशी आकडा पाहून आधी हायसे वाटले. परंतु खाली बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचल्यावर लक्षात आले की, माले विमानतळापासून रिसॉर्टपर्यंतच्या सीप्लेनचे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचे, भाडे त्यात धरलेलेच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

संध्याकाळी घरी वहीत नव्याने आकडेमोड केली. रिसॉर्टऐवजी माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस घेतले, तर राहणे-जेवणे बरेच स्वस्त पडतेच, शिवाय मालेहून सरकारी फेरीबोटीने दीड-दोन तासांत अगदी थोड्या पैशांत पोहोचता येते. मात्र शुक्रवारी फेरी सहसा बंद असल्याने विमानाचे तिकीट वार पाहूनच काढावे लागेल. पर्यटकांवरचा हरित कर जानेवारी 2025 पासून दुप्पट झाला असून, तो छोट्या गेस्टहाउसमध्ये माणशी दररोज 6 डॉलर, तर रिसॉर्टमध्ये 12 डॉलर आहे. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर विनाशुल्क मिळतो, एवढाच काय तो दिलासा.

गेस्टहाउसच्या मालकांसाठी नाशिकची वाइन न्यावी, असे मेव्हण्यांनी सुचवले. मद्य सोबत नेण्यास तिथे बंदी आहे, त्यामुळे चिवडाच बरा. सीप्लेनचे पैसे वाचले, तर मँटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड मासे पाहण्याच्या बोटफेरीवर ते खुशाल खर्च करावेत, यावर मात्र आमचे तत्काळ एकमत झाले.