१९४३ ची पांढरी पेनी

मागच्या शनिवारी आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या गराज सेलमधून मी सुट्ट्या पेनींची, म्हणजे अमेरिकेतल्या एक सेंटच्या नाण्यांची, अख्खी बरणी घेतली, पाच डॉलरला. आजी घर विकून मुलाकडे राहायला चालल्यात. रात्री टेबलावर पेपर पसरून सगळं ओतलं तर त्या तांबूस ढिगात एकच राखाडी नाणं. आधी डाइम (दहा सेंटचं चंदेरी नाणं) वाटलं, पण उचलून बघितलं तर लिंकनचा चेहरा, मागे गव्हाच्या दोन ओंब्या आणि साल १९४३! फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं तर टक् करून चिकटलं. इतका आनंद झाला की झोपलेल्या नवऱ्याला उठवून दाखवलं.

दुसरं महायुद्ध चालू होतं, काडतुसांना आणि तारांना तांबं हवं होतं, म्हणून अमेरिकेने त्या एका वर्षी पेनी पोलादाची केली, वर जस्ताचा पातळ थर. वजन साधारण २.७ ग्रॅम, नेहमीच्या ब्रॉन्झच्या (म्हणजे बहुतांश तांब्याच्या) पेनीचं ३.११. सकाळी आजींना नेऊन दाखवली तर त्या हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसल्या. तेव्हा सात वर्षांच्या होत्या, म्हणाल्या आई दुकानात पाठवताना दर वेळी बजावायची, डाइम समजून पेनी देऊ नकोस आणि पेनी समजून डाइम देऊ नकोस. मी म्हटलं परत ठेवा हवी तर, पण त्यांनी माझी मूठच मिटवली.

आता किंमत, कारण घरात पहिला प्रश्न तोच आला. तर मंडळी, हे नाणं दुर्मीळ नाहीये. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत ६८ कोटींच्या वर पाडली, डेन्व्हरला जवळपास २२ कोटी, सॅन फ्रान्सिस्कोला १९ कोटींच्या वर. सालाखाली डी असेल तर डेन्व्हर, एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. वापरून काळी पडलेली पेनी पाव-अर्ध्या डॉलरची, चलनात न फिरलेली काही डॉलरची. ग्रेडिंग (तज्ज्ञांकडून दर्जा ठरवणं) होऊन ७० पैकी ६७ मिळालेली शंभर डॉलरच्या पुढे जाते आणि ६८ वाली हजारांत, पण तशी बरणीत सापडत नाही. डेन्व्हरच्या काही नाण्यांवर डी दोनदा उमटलाय, त्यांना मात्र चांगला भाव आहे, म्हणून डी दिसला की भिंग घेऊन बघाच.

आणि हे मला मनापासून सांगायचंय: चकाकी बघून पैसे देऊ नका. तीन वर्षांपूर्वी मी एका बाजारात तिन्ही टाकसाळींचा चकचकीत सेट अगदी नवीन म्हणून घेतला होता, चाळीस डॉलर मोजून, आणि नंतर कळलं की जुनी झिजलेली नाणी साफ करून त्यांच्यावर नवा मुलामा चढवलेला आहे. ओळखायचं कसं, तर काठ बघा. त्या वेळी आधी पोलादाच्या पट्टीला जस्त लावायचे आणि मग तिच्यातून चकत्या कापायचे, त्यामुळे खऱ्या नाण्याच्या काठाला उघडं पोलाद दिसतं, आणि गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो. माझ्या सेटच्या नाण्यांचे काठसुद्धा आरशासारखे चमकत होते! बरणीतल्या पेनीच्या काठावर मात्र तपकिरी रेघ आहे, लिंकनच्या कोटापाशी काळसर डाग आहे, आणि मला तीच जास्त आवडते कारण तिला कोणी घासूनपुसून नवं करायला गेलेलं नाही.

कोणाला १९४३ ची तांब्याची पेनी सापडली तर आधी चुंबक लावा. चिकटली तर पोलादावर तांब्याचा मुलामा. नाही चिकटली तरी लगेच हुरळू नका, १९४८ चा आठ कोरून तीन केलेली पण फिरतात, म्हणून तीनचा आकार दुसऱ्या कुठल्याही १९४३ च्या पेनीशी ताडून बघा. अस्सल आहेत, पण जेमतेम वीसेक माहीत आहेत, ब्रॉन्झच्या उरलेल्या चकत्या चुकून प्रेसमध्ये गेल्या त्यातून झालेल्या. १९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डॉन ल्यूट्स नावाच्या शाळकरी मुलाला कॅन्टीनच्या सुट्ट्या पैशांत एक मिळाली, ती त्यांनी जन्मभर जपली आणि २०१९ मध्ये तिला लिलावात २ लाख ४ हजार डॉलर आले.

आपल्याकडे पण त्याच वर्षी, १९४३ मध्ये, धातू वाचवायला भोकाचा पैसा काढला होता. माझ्या आजीच्या डब्यात दोन होते, ते पुढच्या वेळी कोल्हापूरला गेले की शोधणार आहे.

तर ही पेनी मी धुतली नाही, पुसली नाही, ब्रासो तर लांबच. काठाला धरून प्लास्टिकच्या साध्या फ्लिपमध्ये (नाणं ठेवायच्या छोट्या पाकिटात) घातली, मात्र पीव्हीसीच्या नाही कारण ते नाणं खातं, आणि डबीत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकली. इथला उन्हाळा फार दमट, पुडी दर दोन महिन्यांनी बदलायचं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.