पाण्याचा वास

जपानमध्ये, योकोहामातील एका त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात मला जो फॉर्म भरायला दिला, त्यावर एक प्रश्न असा होता : तुमच्या कानातला मळ कोरडा असतो की ओलसर? मी काखेतील घामाच्या वासाबद्दल विचारायला आले होते. चुकून कान-नाक-घशाचा फॉर्म हाती पडला असावा, असे समजून मी तो परत करायला उठलेही. पण काउंटरवरच्या बाईंनी हाच फॉर्म बरोबर आहे, असे अतिशय नम्रपणे सांगितले आणि मी खाली मान घालून ‘ओलसर’ या शब्दाभोवती गोल काढला.

दवाखान्याची पायरी चढण्याचे कारण एक ईमेल होता. जुलैच्या मध्यास, त्सुयू नावाचा इथला पावसाळा सरता सरता, आमच्या कार्यालयात सर्वांना एक सूचना आली : उकाडा वाढत असल्याने प्रत्येकाने नेटक्या पोशाखाबरोबर स्वतःच्या वासाकडेही लक्ष द्यावे, ही विनंती. मजल्यावर आम्ही चाळीस माणसे. सूचना चाळीसजणांना असली, तरी ती कुणा एकासाठीच असणार हे सर्वांना कळत होते, आणि तो एक कोण हे कुणीही कुणाला विचारणार नव्हते. सकाळच्या गाडीत इतर जागा भरल्या तरी माझ्या शेजारची जागा कितीदा रिकामी राहते, हे मला आठवले. इथे राहणाऱ्या अनेक परदेशी लोकांना हा अनुभव येतो आणि एरवी आम्ही त्यावर विनोद करतो. त्या दिवशी मात्र मला तो पुरावा वाटला.

जपानीत या प्रकाराला ‘सुमेहारा’ म्हणतात. ‘स्मेल’ आणि ‘हरासमेंट’ या दोन इंग्रजी शब्दांची टोके छाटून केलेला हा जोडशब्द आहे. आपल्या वासाने इतरांना त्रास देणे हा एक प्रकारचा छळच, असा त्याचा अर्थ. मला यात एक गोष्ट विलक्षण वाटते. छळ म्हटला की करणाऱ्याचा काही हेतू किंवा निदान बेफिकिरी तरी गृहीत असते. इथे मात्र बहुतेकदा करणाऱ्यालाच आपण काय करतो आहोत याचा पत्ता नसतो, कारण नाक ज्या वासात सतत असते तो वास काही वेळाने त्याला जाणवेनासा होतो. म्हणजे आरोप असा, की त्यातील एकमेव पुरावा आरोपीला कधीच तपासता येत नाही.

डॉक्टरांनी कानाच्या मळाचे कोडे उलगडून दाखवले. 2006 साली नागासाकी विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने हे सिद्ध झाले, की कानातला मळ कोरडा की ओलसर हे एबीसीसी11 या एकाच जनुकातील एका अक्षराच्या फरकावर ठरते. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीतून काही रेणू बाहेर टाकण्याचे काम करते आणि काखेतील ग्रंथींमध्येही तेच प्रथिन काम करते. अंगभर पसरलेल्या सामान्य घर्मग्रंथींचा घाम म्हणजे जवळजवळ पाणी आणि मीठ. काखेत मात्र पौगंडावस्थेत जाग्या होणाऱ्या वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांचा स्रावही मुळात गंधहीनच असतो. त्वचेवरचे जिवाणू त्यातील रेणूंचे तुकडे करतात, तेव्हा कुठे तो ओळखीचा दर्प तयार होतो. ज्यांच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत, त्यांच्या कानातला मळ कोरडा असतो आणि त्यांच्या काखेत जिवाणूंना हा कच्चा माल फारसा मिळतच नाही. बहुसंख्य जपानी माणसे अशी आहेत, तर युरोप आणि आफ्रिकेतील बहुतेक लोक तसे नाहीत.

त्या खुर्चीत बसून माझ्या मनात आले, की जिथे जवळजवळ सर्वांनाच काखेचा वास येतो, तिथे त्याला अस्वच्छता म्हणतात आणि त्यावर दुकानात डिओडरंट मिळतो. जिथे थोड्यांनाच येतो, तिथे तोच वास आजार ठरतो. जपानीत त्याला ‘वाकिगा’ असे स्वतंत्र नाव आहे, त्यावर शस्त्रक्रिया होते आणि निदान पक्के असेल तर काही शस्त्रक्रियांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतो. मळ ओलसर असणारी मुले शाळेत काय सोसत असतील, याची कल्पना त्यावरून करावी.

माझी तपासणी झाली ती कापसाच्या जाळीदार पट्टीने. पट्टी काही वेळ काखेत धरायची, मग डॉक्टर आणि परिचारिका तिचा वास घेऊन पाचपैकी किती ते ठरवतात. एका सुशिक्षित, गंभीर चेहऱ्याच्या माणसाने व्यवसायाचा भाग म्हणून माझ्या घामाचा वास घेतला, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती; प्रत्यक्षात फार मोकळे वाटले. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी स्पष्ट उत्तर देणार होते. निकाल ‘दोन’ आला. म्हणजे काहीही करण्याची गरज नाही. मी पुन्हा पुन्हा ‘नक्की ना?’ असे विचारू लागले, तेव्हा डॉक्टरांनी ‘जिकोशू क्योफू’ हा शब्द उच्चारला. आपल्या अंगाला वास येतो आणि त्याचा इतरांना त्रास होतो, या खात्रीने माणसाला ग्रासणारी ही अवस्था जपानी मानसोपचारात फार पूर्वीपासून नोंदलेली आहे आणि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 सालच्या निदानपुस्तिकेतही तिचा याच जपानी नावाने उल्लेख आहे. अशा माणसाला दुसऱ्याने नाक चोळले, खिडकी उघडली, खोकला काढला तरी त्यात निकाल दिसतो. मला तो आजार नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण गाडीतली रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मला आता वाटते, की वासाचा पुष्कळसा भाग नाकाबाहेर ठरतो. 2005 साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी आयसोव्हॅलेरिक आम्ल हे घामात आणि चीजमध्येही सापडणारे द्रव्य लोकांना हुंगायला दिले. ‘चेडर चीज’ असे लिहिलेले दिसले तर त्यांना ते बरे वाटे आणि ‘अंगाचा वास’ असे लिहिलेले दिसले तर वाईट. फरक त्यांच्या मेंदूच्या प्रतिमांतही दिसला. 2016 सालचा ब्रिटनमधील एक प्रयोग मला याहून बोलका वाटतो. विद्यार्थ्यांना घामट टी-शर्ट हाताळायला दिला. त्यावर प्रतिस्पर्धी विद्यापीठाचे चिन्ह असले तर ते हात धुवायला लगबगीने गेले आणि साबणही जास्त घेतला, स्वतःच्या विद्यापीठाचे असले तर तितकी घाई केली नाही. घाम आपल्या माणसाचा असला की नाक सौम्य होते, हे कोणतीही आई प्रयोगाशिवाय सांगेल. पण परक्याच्या बाबतीत नाक आधीच निकाल लिहून ठेवते, हे त्या साबणावरून कळते.

जपानी भाषेने हे फार पूर्वीच ओळखलेले दिसते. ‘कुसाई’ म्हणजे दुर्गंधी येणारा. पण हाच शब्द कशालाही प्रत्ययासारखा जोडतात. कटकटीच्या कामाला कटकटीचा वास येतो, जुनाट विचाराला जुनेपणाचा. पाश्चात्त्य वळणाच्या माणसाला वा वस्तूला ‘बाताकुसाई’ म्हणतात, म्हणजे लोण्याचा वास येणारी. मराठीत ‘दर्प’ या एकाच शब्दात उग्र वास आणि गर्व दोन्ही बसवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

वयालाही इथे वास चिकटवलेला आहे. 2001 साली शिसेइदो या प्रसाधन कंपनीच्या संशोधकांनी 2-नोनेनाल हे द्रव्य चाळिशी उलटलेल्यांच्याच अंगावर आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि ‘कारेइशू’, म्हणजे वाढत्या वयाचा वास, हा शब्द घरोघरी पोहोचला. (त्यावरचे साबणही पोहोचले, हे सांगायला नको.) गंमत अशी, की 2012 साली अमेरिकेत कोणाचा वास कोणता हे न सांगता वेगवेगळ्या वयाच्या लोकांचे घाम हुंगवले, तेव्हा वृद्धांचा वास तरुण आणि मध्यमवयीन माणसांच्या वासापेक्षा सौम्य आणि कमी अप्रिय ठरला.

त्या ईमेलनंतर मी बैठकीत एक खुर्ची सोडून बसू लागले, लिफ्टमध्ये दोघेजण दिसले तर पुढच्या लिफ्टची वाट पाहू लागले, आणि घाम पुसायच्या ओल्या कागदांची पाकिटे माझ्या खणात साठत गेली. डिसेंबरात वर्षअखेरीच्या मेजवानीला माझ्या विभागातील ज्येष्ठ सेम्पाई बाई दुसऱ्या पेल्यानंतर म्हणाल्या, “जुलैचा तो ईमेल माझ्यासाठी होता ना? वय झालं आता. मी तेव्हापासून साबण बदलला.” समोरचा पंचविशीतला मुलगा दचकून म्हणाला, की तो स्वतःसाठीच आहे असे समजून त्याने कपड्यांना लावायचे सुगंधी द्रव्य टाकून दिले होते. मी माझ्या खणातल्या पाकिटांबद्दल सांगितले.

सेम्पाई बाईंनी माझ्याकडे जरा रागाने पाहिले. “म्हणून दूर बसत होतीस? मिझुकुसाई!” म्हणजे पाण्याचा वास येणारी, जवळच्या माणसाशी उगाच परकेपणाने वागणाऱ्याला इथे असे म्हणतात. मग त्यांनी शेजारच्या बैठकीवरची स्वतःची पर्स उचलून मांडीवर घेतली.