पॅरिसचा राजवाडा की एफ्टेलिंगचे जंगल?

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी घरात उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की एक प्रश्न हमखास निघतो, तो म्हणजे मुलांना घेऊन डिस्नेलँडला जायचे की एफ्टेलिंगला. आइंडहोवनमधल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक कुटुंबांत याचे उत्तर डिस्नेलँड असेच येते, कारण ते नाव साताऱ्यातल्या आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वांना ठाऊक असते आणि पॅरिसला जाणे होणारच असेल, तर एका दगडात दोन पक्षी मारले जातात. मी मात्र प्रत्येक वेळी एफ्टेलिंगची बाजू घेऊन भांडते. ती बाजू तोंडी सांगताना नेहमी अर्धवट राहते, म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

एफ्टेलिंग हे उद्यान नॉर्ड-ब्राबांट प्रांतातल्या काट्सहूवल या गावी आहे. आइंडहोवनहून गाडीने तासाभराच्या आत तेथे पोहोचता येते. डिस्नेलँड पॅरिस १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले, तर एफ्टेलिंगचे परीकथांचे जंगल ३१ मे १९५२ रोजी, म्हणजे कॅलिफोर्नियातले पहिले डिस्नेलँड उघडण्याच्याही तीन वर्षे आधी. पीटर राइन्डर्स या हरहुन्नरी चित्रपटकाराची तांत्रिक कल्पकता आणि आन्टोन पीक या चित्रकाराची रेखाटने यांतून हे जंगल उभे राहिले. पुठ्ठ्याच्या तकलादू देखाव्यांसाठी चित्रे काढण्यास पीक तयार नव्हते आणि खरी वीट, खरे लाकूड, खरा दगड वापरला जाईल, या अटीवर त्यांनी हे काम स्वीकारले, असे तेथे आवर्जून सांगितले जाते. आज त्या भिंतींवर शेवाळ चढलेले दिसते, कौले थोडी वाकलेली दिसतात, आणि ती अट किती दूरदृष्टीची होती हे पटते. खऱ्या सामग्रीला वय शोभून दिसते. रंगवलेल्या सामग्रीला दरवर्षी नव्याने रंगवावे लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की थीम पार्कची खरी परीक्षा राइडमध्ये होत नाही, ती दोन राइड्सच्या मधल्या वाटेवर होते. कोणत्याही मोठ्या उद्यानात आपला दिवस मुख्यतः चालण्यात आणि रांगेत उभे राहण्यात जातो, प्रत्यक्ष राइड तर काही मिनिटांत संपते. त्यामुळे चालण्याची वाट कशी आहे, यावर दिवस कसा गेला हे ठरते. पॅरिसमध्ये ही वाट म्हणजे रस्ता आहे, आणि तो अत्यंत देखणा रस्ता आहे. मेन स्ट्रीट या प्रवेशद्वाराकडून आत नेणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांमागे छप्पर असलेल्या गल्ल्या आहेत, पावसात भिजावे लागू नये म्हणून केलेली ती सोय मला मनापासून आवडते, परंतु त्या रस्त्यावर दर दहा पावलांवर काहीतरी विकत घेण्याची हाक असते. एफ्टेलिंगमध्ये वाट म्हणजे झाडांखालची पायवाट आहे, जिच्या कडेला तळी आहेत, बदके आहेत आणि बसायला बाके आहेत. १९५० साली स्थापन झालेल्या ज्या संस्थेने हे उभारले, तिच्या नावातच निसर्ग-उद्यान असा उल्लेख होता, आणि तो आजही फोल ठरलेला नाही.

या फरकाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे दोन्ही ठिकाणी असलेली एकच गोष्ट, झोपलेल्या राजकन्येची. पॅरिसमध्ये तिचा गुलाबी राजवाडा उद्यानाच्या अगदी मध्यावर आहे, चारी बाजूंचे रस्ते त्याच्याकडे जातात आणि कुठूनही त्याचे निळे कळस दिसतात. आत वरच्या मजल्यावर रंगीत काचांच्या खिडक्या आणि भिंतीवरची विणलेली चित्रे यांतून ती कथा सांगितली आहे, आणि तळघरात साखळीने बांधलेला एक प्रचंड ड्रॅगन गुरगुरतो. हा राजवाडा जगातल्या सर्व डिस्ने राजवाड्यांत सर्वांत सुंदर आहे, असे माझे मत आहे आणि ते मी कोणाच्याही समोर मान्य करीन. पण या राजवाड्यात मला राजकन्या भेटत नाही, तिच्याविषयीची चित्रे भेटतात. एफ्टेलिंगचा राजवाडा त्या मानाने लहान आहे, दुरून दिसतही नाही. झाडांतून वळण घेत गेल्यावर तो अचानक पुढे येतो. तेथे पहारेकरी जागच्या जागी झोपी गेलेले आहेत, आणि आत डोकावले की पलंगावर ती मुलगी निजलेली दिसते. जरा थांबून पाहिले तर लक्षात येते की तिची छाती संथपणे वर-खाली होत आहे, ती श्वास घेत आहे. बाकी काहीही घडत नाही. माझ्या मुलीने तिला प्रथम पाहिले तेव्हा ती आपण होऊन हळू आवाजात बोलू लागली होती, आणि तेथे येणारी बहुतेक लहान मुले असेच करतात, हे मी पुढे वारंवार पाहिले आहे.

परीकथांच्या जंगलात सुरुवातीला दहा कथा होत्या, आज सुमारे तीस आहेत. लांगनेक हा लांब मानेचा सेवक पहिल्या दिवसापासून तेथे बसलेला आहे आणि त्याची मान झाडांच्या दिशेने उंच उंच जाते तेव्हा मुलांचे डोके मागे मागे कलत जाते. एका छोट्या चौकात लाल बुटांची जोडी, आत कोणाचेही पाय नसताना, फरशीवर एकटीच नाचत फिरते. उडणारा फकीर बासरी वाजवतो, ट्यूलिप उमलतात, आणि तो गालिच्यावर बसून एका मनोऱ्यातून दुसऱ्या मनोऱ्यात जातो. भारतीय कमळे नावाचा एक खेळही येथे १९६६ पासून आहे. त्याची कथा बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेली असून तिच्यातल्या भारताशी आपली ओळख पटत नाही, तरी बेडकांचा वाद्यवृंद सुरू होऊन कमळे उघडू लागली की हा मुद्दा मनातून निघून जातो.

या जंगलातली मला सर्वांत प्रिय वस्तू मात्र कचरापेटी आहे. होले बोले खाइस या नावाचा एक लठ्ठ, खादाड माणूस तोंडाचा मोठा आ वासून बसलेला असतो आणि ‘पापीर हीर’, म्हणजे ‘कागद इकडे’, असे सतत ओरडत असतो. त्याच्या तोंडाजवळ कागद धरला की तो हवेच्या झोताने आत ओढला जातो आणि खाइस आभार मानतो. याचा परिणाम प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे. मुले आधी आपल्या हातातला कागद देतात, मग आईची पर्स उघडायला लावतात, एका कागदी रुमालाचे चार तुकडे करून घेतात, आणि तेही संपले की वाटेवर पडलेला कचरा शोधायला निघतात. स्वच्छतेविषयी एकही फलक न लावता स्वच्छता साधणारी ही युक्ती १९५० च्या दशकातली आहे, आणि तिची बरोबरी करणारे काही मी पॅरिसमध्येच काय, इतर कोणत्याही उद्यानात पाहिलेले नाही.

माझी आई साताऱ्याहून येते तेव्हा मी तिला आधी येथे नेते. तिला डच येत नाही, इंग्रजी बेताचेच येते, गुडघे दुखत असल्याने वेगवान राइडमध्ये बसण्याचा प्रश्नच येत नाही. पॅरिसमध्ये अशा माणसाकडे मुख्यतः सामान सांभाळण्याचे काम येते. एफ्टेलिंगमध्ये तिच्या वाट्याला उद्यानाचा सर्वोत्तम भाग येतो. आईला त्या कथा आधी माहीत नव्हत्या, परंतु आटपाट नगराच्या गोष्टी सांगत आयुष्य घालवलेल्या बाईला विहीर, म्हातारी, शाप आणि राजपुत्र यांचा अर्थ लावायला वेळ लागत नाही. ती नातीला त्याच कथा स्वतःच्या पद्धतीने सांगत चालते. नंतर दोघी बाकावर बसून पोफर्चेस खातात, म्हणजे पिठीसाखर आणि लोण्यासह मिळणारे, आप्प्यांसारखे दिसणारे छोटे गोड घावन.

येथे कोणी म्हणेल की हे सर्व ठीक आहे, पण राइड्सचे काय? यंत्राच्या बाबतीतही एफ्टेलिंग मागे नाही, आणि त्यातली माझी आवडती जागा म्हणजे १९९६ साली उघडलेली फिला व्होल्टा. ब्राबांट-लिंबुर्ख भागात अठराव्या शतकात बोकडस्वार नावाच्या दरोडेखोरांच्या टोळ्यांची दहशत होती. त्यांच्यातल्या ह्यूगो नावाच्या म्होरक्याने मठ लुटला आणि त्याला स्वतःच्या घरात कधीही शांती मिळणार नाही असा शाप मिळाला, ही तिची कथा. आपण त्याच्या दिवाणखान्यात समोरासमोरच्या बाकांवर बसतो, आणि मग घर हळूहळू उलटे होऊ लागते. प्रत्यक्षात बाके थोडीशीच झुलतात आणि खोलीच्या भिंती, छत, जमीन हे सारे आपल्याभोवती गोल फिरते. डोळे एक सांगतात, शरीर दुसरे सांगते, आणि छत पायाखाली आले अशी खात्री पटते. फेकोमा या डच कंपनीबरोबर बांधलेली या जातीची ही पहिली राइड, आणि पुढे तिच्या आवृत्त्या अनेक देशांत निघाल्या. महत्त्वाचे हे की ही कथा त्याच मातीतली आहे. बारोन १८९८ या राइडमध्ये सोन्याच्या खाणीत ३७.५ मीटर सरळ खाली कोसळण्यापूर्वी ज्या पांढऱ्या बायका इशारा देतात, त्याही येथल्याच लोककथांतल्या आहेत, आणि आणखी एका राइडमधली ‘फ्लाइंग डचमन’ या शापित जहाजाची कथा तर जगभर नेदरलँड्सच्या नावानेच ओळखली जाते.

ड्रोमफ्लुख्त, म्हणजे स्वप्नातली उड्डाणसफर, हिच्याविषयी लिहिताना मला आवर घालावा लागतो. पॅरिसचे उद्यान येणार हे दिसू लागल्यावर एफ्टेलिंगने चाळिसाव्या वर्षासाठी हिची आखणी केली, परंतु यंत्रणेच्या अडचणींमुळे ती १९९३ मध्ये उघडली. टोन फान दे फेन यांनी रेखाटलेल्या या सफरीत आपण वरून टांगलेल्या छोट्या पाळण्यात बसून अंधाऱ्या जंगलांवरून, आकाशात तरंगणाऱ्या किल्ल्यांमधून जातो. हवेत फुलांचा आणि ओल्या मातीचा वास असतो, पऱ्या झोक्यांवर बसलेल्या असतात, आणि शेवटी पाळणा गिरकी घेत ट्रोलांच्या दलदलीत वेगाने उतरतो. संवाद नाही, निवेदन नाही, खलनायक नाही. पॅरिसमधल्या प्रत्येक कथासफरीत मी काहीतरी ओळखत बसते, हा अमुक चित्रपटातला, ती तमुक गाण्यातली. येथे ओळखण्यासारखे काहीच नसल्यामुळे फक्त पाहणे उरते.

डिस्नेच्या बाजूने जे मान्य करायला हवे तेही सांगते. पॅरिसची बिग थंडर माउंटन, जिच्यातली गाडी तळ्याखालच्या बोगद्यातून मधल्या बेटावर जाते, ती आपल्या जातीत अजोड आहे. मिरवणूक आणि रात्रीचा राजवाड्यावरचा देखावा यांत एफ्टेलिंग त्यांची बरोबरी करू शकत नाही. ज्या मुलांना आपल्या आवडत्या पात्राला मिठी मारायची आहे, त्यांना पॅरिसलाच न्यावे. केवळ रोलर कोस्टरसाठी जाणाऱ्यांनी तर दोन्ही सोडून कोलोनजवळच्या फान्टाझियालान्डला जावे, तेथली टारोन त्यांना पुरून उरेल.

मालकीचा मुद्दाही बाजूला ठेवता येत नाही. एफ्टेलिंग एका प्रतिष्ठानाच्या मालकीचे आहे, नफा वाटून घेणारे खाजगी भागधारक तेथे नाहीत. पॅरिसचे उद्यान सुरुवातीची अनेक वर्षे कर्जाखाली दबलेले होते आणि २०१७ पासून ते संपूर्णपणे अमेरिकी मूळ कंपनीकडे आहे. याचा परिणाम जुन्या गोष्टींना मिळणाऱ्या वागणुकीत दिसतो. १९९५ मध्ये पॅरिसमध्ये स्पेस माउंटन ही राइड उघडली तेव्हा ती ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कथेवर बेतलेली होती. प्रचंड तोफेतून आपल्याला आकाशात डागले जाई, पितळी रंगाची ती सारी सजावट फ्रान्सच्या भूमीला शोभणारी होती, आणि भा. रा. भागवतांच्या भाषांतरांतून व्हर्न वाचलेल्या माझ्यासारख्या मराठी वाचकाला ती आपलीच वाटत असे. २००५ मध्ये तिचा आशय बदलला, आणि २०१७ मध्ये तिला एका अंतराळ-चित्रपटमालिकेचे रूप देण्यात आले. इमारत तीच, तोफही बाहेर दिसते, पण व्हर्न आतून गेला.

एफ्टेलिंगनेही आपले १९७८ चे भुताचे गढीघर २०२२ मध्ये बंद करून पाडले, आणि त्याचे मला आजही दुःख आहे. तेथे आपण फक्त उभे राहून काचेपलीकडचे स्मशान पाहत असू, आणि सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या ‘डान्स माकाबर’ या रचनेच्या सुरांवर थडगी हलू लागत. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच जागी जी नवी सफर उघडली, तिचे नावच डान्स माकाबर आहे. पडक्या मठातल्या लाकडी बाकांवर आपण बसतो, त्याखालची भव्य चकती कलत, फिरत, खाली जात आपल्याला नाचवते, आणि वाजते ती तीच रचना. जुने पाहणे मला अधिक प्रिय होते, तेथला संथपणा नव्या सफरीत नाही. तरीही पहिले स्वर ऐकू आले तेव्हा आजूबाजूचे चाळिशी-पन्नाशीतले डच लोक एकमेकांकडे पाहू लागले होते, कारण ती रचना ते लहानपणी त्याच जागी ऐकत आले होते.