तारा बरोबर, तरी पान येईना

"मॅडम, तारा तर सगळ्या बरोबर जोडल्या आहेत," असे आज बडोद्यातील आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी म्हणाली, आणि ते खरेच होते. वेबपान मागवण्यासाठी तिने लॅबव्ह्यूमध्ये (चित्रे तारांनी जोडून प्रोग्राम करण्याचे सॉफ्टवेअर) काढलेल्या आकृतीत एकही तार तुटलेली नव्हती, सर्व्हरच्या पोर्ट 80 वर, म्हणजे वेबपानांच्या नेहमीच्या दारावर, जोडणीही होत होती. तरीही वेबपान न येता मुदत संपल्याची 56 क्रमांकाची त्रुटी तेवढी येत होती.

कारण विनंतीच्या मजकुरात दडले होते. एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबपाने मागवण्याच्या नियमावलीत, हेडर (विनंतीचा सुरुवातीचा तपशील) संपल्याचे सर्व्हरला एका रिकाम्या ओळीवरून कळते. त्या ओळीसाठी तिने बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-एन ही नव्या ओळीची खूण लिहिली होती खरी, पण मजकुराची चौकट साध्या रूपात असल्यामुळे ती अक्षरे जशीच्या तशी जात होती आणि सर्व्हर उरलेल्या विनंतीची वाट पाहत होता. चौकटीवर उजवे क्लिक करून बॅकस्लॅश कोडचे रूप निवडले, ओळ नव्याने टाइप केली (जुनी तशीच ठेवली, तर दुहेरी बॅकस्लॅश दिसतात) आणि पान आले.

तिचे वाक्य मात्र मनातून जात नाही. चित्रमय प्रोग्रामिंगमध्ये तारा दिसतात, त्यांतून वाहणारे बाइट दिसत नाहीत. पान मागवणारा तयार 'गेट' ब्लॉक हाती देण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक विनंती अक्षर-अक्षर लिहून घ्यावी का?