भुवया वर उचलायच्यात, पण सुईने, मशीनने की धाग्याने?

भुवई उतरते ना, ती आधी बाहेरच्या टोकाकडून उतरते, आणि ते का हे कळल्यावरच मला बाकीचं सगळं नीट कळायला लागलं. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळावरचा फ्रंटॅलिस, आणि तो कानशिलाच्या अलीकडेच संपतो, म्हणजे भुवईच्या शेपटाला वर धरून ठेवणारं तिथे कोणीच नाही. खाली ओढणारे मात्र बरेच, दोन भुवयांच्या मधे आठ्या घालणारे आहेत आणि डोळ्याभोवती गोल फिरणारा ऑर्बिक्युलॅरिस आहे. त्यात वय वाढलं की कानशिलातली चरबी कमी होते, त्वचा सैल पडते, मग ते टोक खाली येणारच.

मी हे लिहितेय कारण आमच्या वयाच्या बायकांत हा विषय आता उघडपणे निघतो आणि ते मला आवडतं, पण निर्णय बघाल तर "पार्लरमध्ये ऑफर चालू आहे" एवढ्यावर होतात, आणि हे डोळ्याजवळचं काम आहे हो. मला स्वतःला तरुण वगैरे दिसायचं नव्हतं. सासूबाई सारख्या विचारायच्या, बरं वाटत नाहीये का गं, आणि मी अगदी ठणठणीत असायचे. ते थकलेलं दिसणं मला नको होतं, बस.

तर पहिली गोष्ट, खाली नक्की काय आलंय ते बघा. भुवई खाली आली असेल, किंवा भुवई जागेवरच आहे पण पापणीची कातडी वाढून लोंबतेय, किंवा पापणी उचलणारा स्नायूच कमजोर झालाय, आरशात तिन्ही सारखंच दिसतं आणि उपाय मात्र तिन्हीचे वेगळे. डॉक्टरांनी मला डोळे मिटून कपाळ एकदम सैल सोडायला सांगितलं, मग कपाळावर हलकं बोट ठेवून म्हणाले आता हळूच डोळे उघडा. घरी करून बघा. कपाळाची मदत न घेता डोळे अर्धेच उघडत असतील तर तुमचं कपाळ दिवसभर त्या पापण्या उचलून धरण्याचं काम करतंय, आणि त्या आडव्या रेषा त्या कामामुळेच पडल्यात.

आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. बाई भुवया उचलायला जाते आणि म्हणते आलेच आहे तर कपाळावरच्या रेषा पण घालवून टाका. मग कपाळात भरपूर बोटॉक्स, म्हणजे स्नायू काही महिन्यांसाठी सैल करणारं इंजेक्शन, जातं, उचलणारा एकमेव स्नायू झोपतो, आणि भुवया आधीपेक्षा खाली येतात, डोळ्यावर जड जड वाटतं ते निराळंच. माझ्या जावेचं असंच झालं, औषध उतरेपर्यंत दोन-तीन महिने तिला मेकअप करताना पापणी बोटाने वर धरायला लागायची. म्हणून मी ठामपणे सांगेन की भुवया वर हव्या असतील तर कपाळावरच्या थोड्या रेषा राहू द्या, सुई खाली ओढणाऱ्या स्नायूंना द्यायची, म्हणजे आठ्यांच्या जागी आणि भुवईच्या शेपटाखाली, आणि कपाळाला दिलीच तर वरच्या भागात, अगदी थोडी.

बोटॉक्स मुळात डोळ्यांच्या डॉक्टरांचं औषध आहे हे खूप जणींना माहीत नसतं. अमेरिकेत ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरायला सुरुवात केली, १९८९ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्यांच्या आकडीवर ते देत होत्या आणि पेशंटच्या आठ्या गेल्याचं लक्षात आलं, नवरा त्वचेचा डॉक्टर, दोघांनी मिळून १९९२ मध्ये पेपर लिहिला. आठ्यांसाठी एफडीएची मान्यता २००२ ची. भुवई उचलण्यासाठी वेगळी अशी मान्यता नाही, डॉक्टर आपल्या अनुभवावर करतात, म्हणूनच हात कोणाचा आहे ह्याला एवढं महत्त्व.

किती उचलतं? एक-दोन मिलिमीटर, फार तर तीन. ऐकायला काहीच नाही वाटत, पण भुवईच्या टोकाला दोन मिलिमीटर म्हणजे चेहरा उघडतो. तीन-चार दिवसांत जाणवायला लागतं, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी, आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. सगळ्या जणी हे उतरणं तोटा म्हणून सांगतात, मला मात्र पहिल्या वेळेसाठी हाच मोठा फायदा वाटतो, नाही आवडलं तर काही महिन्यांत गेलं. मी हेच निवडलं.

मशीनचं सांगते. अल्थेरपी म्हणजे कातडीच्या आत ठरलेल्या खोलीवर अल्ट्रासाउंडची उष्णता द्यायची, साधारण ६० ते ७० अंश, तिथे बारीक बारीक ठिपक्यांसारखी इजा होते आणि शरीर नवीन कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, बनवतं. २००९ मध्ये एफडीएने ह्याला भुवई उचलण्यासाठीच परवानगी दिली होती. परिणाम हळूहळू दोन-तीन महिन्यांत दिसतो, टिकतो साधारण वर्षभर, आणि दुखतं, हे आधीच सांगून ठेवते, कपाळाच्या हाडाजवळ तर चांगलंच दुखतं म्हणतात. सुई नको असेल आणि सैलपणा थोडाच असेल तर चांगला पर्याय. पण त्यात डॉक्टरला स्क्रीनवर आतले थर दिसतात, आणि पार्लरमध्ये हायफू म्हणून अशाच अल्ट्रासाउंडची जी स्वस्तातली मशीनं आलीत त्यातल्या बऱ्याचशांत काहीच दिसत नाही, अंदाजाने चालतं. डोळ्याजवळ ही उष्णता चुकीच्या जागी गेली तर भाजणं, नसेला इजा, इतकंच काय मोतीबिंदू झाल्याच्याही नोंदी आहेत. पार्लरवाल्या ताईंबद्दल मला आदर आहे, आयब्रो त्यांच्याकडेच करते, पण हे त्यांचं काम नाही.

धाग्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. २०२० च्या सुमारास ते फॉक्स आय, म्हणजे डोळ्यांची टोकं कोल्ह्यासारखी वर ताणलेली दिसण्याचं, प्रकरण इन्स्टावर सुरू झालं आणि मग आपल्याकडेही भुवईचं टोक धाग्याने ओढून घ्यायची लाट आली. कातडीखाली घालतात तो पीडीओ नावाचा धागा सहा-आठ महिन्यांत विरघळतो, ओढ त्याच्याही आधी सैल होते, आणि कपाळाची कातडी पातळ असेल तर खळगे पडणं, चुण्या येणं, एक बाजू वर एक खाली, धाग्याचं टोक बाहेर येणं हे सगळं होऊ शकतं. एवढं करून मिळतं काय तर पहिल्या महिन्यातले फोटो.

फिलरचं थोडक्यात. कानशील खोल गेलं असेल तर तिथे हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल सुईने भरून भुवईच्या टोकाला आधार मिळतो, आणि अशा चेहऱ्यावर ते सुंदर दिसतं. पण ह्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत, फिलर चुकून आत गेला तर दृष्टी जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. तो विरघळवणारं हायल्युरोनिडेज हाताशी आहे का हे विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

लग्नसराईवाल्यांसाठी, मुलीचं लग्न डिसेंबरात असेल तर बोटॉक्स निदान महिनाभर आधी, म्हणजे दोन आठवड्यांनी फेरतपासणीत एखादी भुवई जास्त चढली असेल तर सुधारता येते, आणि अल्थेरपी करायची तर गणपतीच्या आसपासच उरकून घ्या. सुई घेतल्यावर तीन-चार तास आडवं व्हायचं नाही, त्या दिवशी शीर्षासन नको, फेशियल आणि डोक्याचं मालीश थोडे दिवस बंद. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर बोटॉक्स नाहीच.

डॉक्टर त्वचेचे एमडी किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवरून बघता येतं. किती युनिट देणार आणि कुठल्या ब्रँडची हे विचारा, कारण बोटॉक्स आणि डिस्पोर्ट (त्याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड) ह्यांची युनिटं सारखी नसतात, वीस म्हणजे वीस असं धरून भावाची तुलना करू नका. आणि त्या घरच्या तपासणीत पापणीची कातडीच लोंबताना दिसली तर ह्यातलं काहीच नको, डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनला दाखवा. एकच पापणी अचानक खाली आली असेल, डबल दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, तो सौंदर्याचा विषयच नाही.